काढून टाकलेली पानं

दुलुथ, १६ जानेवारी

कर्स्टन,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. माझंच आहे. नोव्हेंबरात दारातला बर्फ काढताना पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी आणि सात स्क्रू आहेत. गुड्रुनआत्यानं तुला कळवलं नाही, कारण मीच तिला तशी ताकीद दिली होती. तुझा पत्ता तिच्याकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, तिनं आधी तीनदा नाही म्हटलं.

हे पत्र कशासाठी लिहितेय ते मला धड सांगता येणार नाही. चार वर्षं झाली. तू टुसॉनला दातांच्या दवाखान्यात आहेस आणि बरी आहेस, एवढं आत्या सांगते. मी विचारत नाही. ती सांगते.

तर मनगट. मला हाताचे व्यायाम शिकवणारी जी मुलगी आहे ती परवा म्हणाली, "तुम्ही प्रत्येक रेघ बरोबर काढायला जाता, म्हणून हात आखडतो. काहीतरी असं करा, ज्यात चुकायला जागा आहे." मी तिला सांगितलं की मी एकतीस वर्षं काउंटीच्या भूमापन कचेरीत नकाशांवर हातानं अक्षरं काढली आहेत, चुकायला जागा असलेलं काम मी कधी केलेलं नाही. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

म्हणून चर्चच्या तळघरात मंगळवारी सकाळी जो वर्ग भरतो, तिथं काल गेले. कसला वर्ग, ते सांगायची लाज वाटते. वहीत वाटेल ते चिकटवायचं, त्यावर रंग फासायचा, तो खरवडायचा, वर काहीबाही लिहायचं. जुनी तिकिटं, फाटक्या भजनपुस्तकांची पानं, चहाच्या पुड्या. तुला कशाला समजावून सांगतेय म्हणा. पंधराव्या वर्षापासून तुझ्या टेबलावर हाच पसारा असायचा.

शिकवणारी जोलीन. अर्धे केस निळे. तिनं दारातच टोपली पुढं केली आणि माझी पट्टी, खोडरबर आणि कात्री काढून घेतली, विमानतळावर घेतात तशी. पहिला धडा काय, तर पहिलं पान मुद्दाम खराब करायचं. एकदा खराब झालं की भीती जाते म्हणे. सगळ्याजणी लहान मुलांसारख्या कॉफी सांडत होत्या, बोटं बुडवत होत्या. मी कोपऱ्यात शाईचा एक थेंब टाकला.

माझ्या शेजारी टॉइवो लाहती नावाचा म्हातारा बसतो. एकोणऐंशी वर्षांचा. जन्मभर धक्क्यावर जहाजांत लोहखनिज भरत होता. वर्गातला एकुलता एक पुरुष. त्यानं माझ्या पानाकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही तर डागसुद्धा मोजून पाडलात."

मी ते पान फाडलं. फाडल्यावर कड वेडीवाकडी दिसायला लागली, म्हणून पुढचंही फाडलं. घरी आले तेव्हा नव्या वहीची सहा पानं गेली होती आणि उरलेल्यांत काही नव्हतं.

आई

३० जानेवारी

कर्स्टन,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

इथं आज शाळा बंद, टपाल बंद. पारा शून्याखाली अठ्ठावीसवर गेला आहे. सरोवरावरून वाफ उठतेय, पलीकडचं काही दिसत नाही. त्यामुळे हे पत्र उद्या किंवा परवा निघेल.

वर्ग तीन झाले. एकाही पानावर मी समाधानी नाही. समाधानी व्हायचंच नाही असं जोलीन म्हणते, आणि मग मला काही उमगतच नाही. समाधान नको तर काम कशाला करायचं? काल तिनं डोळे मिटून डाव्या हातानं शेजाऱ्याचं तोंड काढायला सांगितलं. सगळ्या पोट धरून हसत होत्या. माझं चित्र पाहून टॉइवो म्हणाला, "हा मी नाही, पण ह्याला मी ओळखतो. हा आमच्या धक्क्यावर मुकादम होता." मीसुद्धा हसले असते, पण त्या चित्राचा एक डोळा कागदाच्या बाहेर गेला होता आणि माझं लक्ष तिथून हटेना.

तुला खरं सांगते. मी घरी दुसरी वही केली आहे. वर्गातली ती वर्गासाठी. ही घरची चांगली. वर्गात जे करतो तेच मी घरी नीट करते. आधी कच्चं, मग पक्कं. मनगट दुखतं, पण होतं. चौदा पानं झाली. जोलीनला ठाऊक नाही.

तू कशावर रागावली आहेस ते मला माहीत आहे, उगाच नाही म्हणणार नाही. बाबांच्या फोटोंचा फळा. अंत्यविधीसाठी तू दोन दिवस खपून केला होतास. पण कर्स्टन, तूही माझी बाजू बघ. त्यात त्यांचा लष्करातला फोटो लग्नाच्या फोटोनंतर होता. मासेमारीचे फोटो तिरके, एकावर एक. मधेच त्यांच्या चष्म्याची काडी चिकटवलेली. लोक काय म्हणतील? मी सकाळी लवकर जाऊन फक्त सालांप्रमाणे लावले आणि पट्टीनं सरळ केले. काडी काढून खिशात ठेवली, टाकली नाही. तू आलीस, फळ्यापुढं उभी राहिलीस, कोट उचललास आणि जेवणही न करता विमानतळावर गेलीस. चार वर्षं एका फळ्यासाठी. मला हे अजून पटत नाही.

आई

१३ फेब्रुवारी

कर्स्टन,

टॉइवोबद्दल तुला लिहायचं आहे. इथं दुसरं काही घडतच नाही.

तो ज्या वहीत काम करतो ती त्याची नाही. त्याच्या बायकोची आहे. हेल्मी ह्या वर्गाला यायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा वही अर्धी भरली होती. मग उरलेली अर्धी भरायला हा येऊ लागला. त्याला रंग कसा कालवतात ते माहीत नव्हतं. बोटीला लावायचा रंग घेऊन आला होता. जोलीन म्हणाली, चालेल.

त्याची पानं बघवत नाहीत. एका पानावर त्यानं आपला बूट तांबड्या रंगात बुडवून उमटवला आहे. दुसऱ्यावर वाळलेल्या माशाचं कातडं. मी विचारलं, "ह्याचा अर्थ काय?" तो म्हणाला, "अर्थ असा की आता माझ्या एका बुटाचा तळ तांबडा आहे." मग त्यानं बूट वर करून दाखवला. सगळा वर्ग हसला. मला आधी चीड आली आणि मग थोडं हसू आलं. तेवढ्यात मी बटाट्याचा ठसा जोरात दाबला आणि तो पानावर तीन ठिकाणी घसरला. मी ते पान फाडलं नाही. ही मोठी गोष्ट आहे असं जोलीनला वाटलं, तिनं टाळ्या वाजवल्या. मला तर नुसता घसरलेला बटाटा दिसत होता.

काल वह्यांची अदलाबदल झाली. प्रत्येकानं दुसऱ्याची वही आठवडाभर घरी न्यायची आणि तिच्यातल्या एखाद्या पानावर मनाला येईल ते करायचं. चिठ्ठ्या टाकल्या. मला टॉइवोची वही आली.

देताना तो "सांभाळून" वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला, "मागच्या पानांना माशाचा वास येतो, मांजर असेल तर दूर ठेवा."

मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत सगळी वही पाहिली. त्यात हेल्मीनं लिहिलेली किराण्याची शेवटची यादी आहे. ह्यानं ती तिरपी चिकटवली आहे, सुरकुत्या तशाच, कॉफीचा गोल डाग, एक बाजू फाटकी. वेलदोड्याचं स्पेलिंगही चुकलेलं. बायकोची शेवटची आठवण आणि ही अशी. मी ठरवलं आहे की ते पान त्याला नीट करून द्यायचं. त्याला काही जमत नाही, मला जमतं. निदान ह्या वर्गात माझा कुणाला तरी उपयोग होईल.

आई

२० फेब्रुवारी

कर्स्टन,

काल जे झालं त्यात माझं काय चुकलं ते तूच सांग.

मी पाच दिवस त्या यादीवर काम केलं. ओल्या फडक्यानं ती कागदावरून सोडवली. एकही रेषा उचलली गेली नाही, हे सोपं नसतं. दोन टिपकागदांत दाबून वाळवली. सुरकुत्या गेल्या. कॉफीचा डाग फिका केला. चुकलेलं 'वेलडोदे' अलगद खरवडून 'वेलदोडे' लिहिलं, तिच्याच वळणात. फाटकी कड सरळ कापली. मग पानाच्या बरोबर मध्यावर लावली, चारी बाजूंनी बारीक दुहेरी रेघ मारली. मनगटाला इतक्या कळा लागल्या की गोळ्या घ्याव्या लागल्या. अपघातानंतर मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

वर्गात त्यानं वही उघडली. पान बघितलं. बोट त्या सरळ कडेवरून फिरवलं, वरून खाली.

"इथं एक ओळ होती," तो म्हणाला.

मी म्हणाले, "कडेला उभी लिहिलेली, ती? अर्धीच होती. फाटलेली होती."

"हो. अर्धीच होती."

"तिला काही अर्थ लागत नव्हता."

त्यानं वही मिटली, पिशवीत घातली, कोट चढवला. कोटाची बटणं लावायला त्याला फार वेळ लागला. मग तो गेला.

मी जोलीनला म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं, मनाला येईल ते करा." ती म्हणाली, "हो, मी सांगितलं होतं." माझ्याकडे न बघता ती रंगाच्या वाट्या धुवायला गेली.

ती ओळ काय होती ते मला आठवतं. यादीच्या कडेला पेन्सिलीनं उभी लिहिली होती: 'टॉइवोला विचारायचं की', आणि तिथं कागद फाटलेला. एवढंच. पुढं काही नाही. कापलेला तुकडा मी कचऱ्यात टाकला आणि शुक्रवारी गाडी येऊन गेली.

मी काही वाईट हेतूनं केलं का? लोक पसारा करतात आणि आवरणाऱ्याला दोष देतात. मी वर्ग सोडणार आहे. घरच्या वहीची एकवीस पानं झाली होती. आज सकाळी उघडून पाहिली तर सगळी सारखी दिसली.

आई

६ मार्च

कर्स्टन,

आज राखेचा बुधवार. सकाळच्या उपासनेला टॉइवो नव्हता, म्हणून मी त्याच्या घरी गेले.

नाही, हे खरं नाही. मी जाणारच होते. आठवडाभर तयारी करत होते. काय तयारी, ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिते.

मी ती ओळ परत तयार केली. जुना पिवळा कागद मिळवला, चहात बुडवला, कड तशीच फाडली. दुसऱ्याच्या अक्षराशी अक्षर जुळवणं हे माझं आयुष्यभराचं काम. एकदा पाहिलेलं वळण मी विसरत नाही. एकोणीस तुकडे बिघडले. विसावा जमला. स्वतः हेल्मीला दाखवला असता तरी तिला फरक कळला नसता.

टॉइवो मागच्या अंगणात वाफाऱ्याच्या सौनासाठी लाकडं फोडत होता. मला पाहून थांबला नाही. मी वेलदोड्याची गोड पोळी नेली होती. ती त्यानं घेतली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

"बाई, माफी मागायला आलात की नीट करायला?"

मी म्हणाले, दोन्ही. आणि तो तुकडा त्याच्या हातात दिला.

त्यानं चष्मा लावला. उजेडाकडे धरून पाहिला. "हुबेहूब आहे," तो म्हणाला. मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. तेवढ्या क्षणापुरता चक्क आनंद झाला.

मग तो सौनाच्या खोलीत गेला, शेगडीचं दार उघडलं आणि तुकडा आत टाकला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," तो म्हणाला. "पण माझ्याकडून काहीतरी जाणून घ्यायचं होतं ते तिला. तुम्हाला नाही."

आम्ही तिथंच बाकावर बसलो. तो म्हणाला, "दोन वर्षं रोज सकाळी कॉफी घेताना मी हेच अंदाज बांधतोय. काय विचारायचं असेल? कधी वाटतं, बोटीला कुठला रंग द्यायचा ते. कधी वाटतं, सुखी होतास का, असं. बहुतेक बटाटे संपले का, एवढंच असेल. ती ओळ बघितली की विचार सुरू व्हायचा. आता यादीच आहे नुसती. छान आहे. दुकानात लावण्यासारखी."

मी रडले. तो थोड्या वेळानं वही, बोटीच्या रंगाचा डबा आणि भिंतीला रंग देतात तसला जाड ब्रश घेऊन आला. ते पान उघडलं.

"लिहा."

"काय लिहू?"

"काय केलंत ते. दुसरं काही नको."

मी म्हणाले, आधी दुसऱ्या कागदावर बघते, ब्रश फार जाड आहे. तो म्हणाला, "नाही." मी म्हणाले, निदान पेन्सिलीनं हलकी रेघ. तो म्हणाला, "नाही, बाई."

मग मी लिहिलं: इथं हेल्मीची एक ओळ होती. मार्लिस एंगेब्रेटसननं ती कापली. माझ्या नावात 'ब्रे'ला जागा पुरली नाही, तो यादीवर चढला. रंग माझ्या त्या बारीक दुहेरी रेघेवर ओघळला. मी पुसायला रुमाल काढला तर त्यानं माझं मनगट धरलं. दुखरंच. मी ओरडले आणि त्यानं सोडलं, पण मग मी पुसलं नाही.

तो म्हणाला, "आता झालं हे पान." मग आम्ही ती पोळी खाल्ली.

आई

१३ मार्च

कर्स्टन,

हे पत्र मी बसून एकदाच लिहितेय. खोडलेलं तसंच राहील.

तू सतरा वर्षांची होतीस. मिनिआपोलिसच्या कला महाविद्यालयाच्या अर्जासोबत तुला तुझी जाडी वही पाठवायची होती. ती इतकी फुगली होती की रबर लावून बंद करावी लागायची. पाठवायच्या आदल्या आठवड्यात तू गुड्रुनआत्याकडे गेली होतीस. जाताना म्हणाली होतीस, "आई, वहीची पाठ उखडली आहे, तेवढी चिकटवशील?"

पाठ मी चिकटवली. मग वही चाळली. मला वाटलं, ह्या अशा वहीवर तुला कुणी घेणार नाही. मी आतली अकरा पानं पातीनं कापून काढली. चित्रांखाली तू जे लिहिलं होतंस त्यातलं बरंच पांढऱ्या रंगानं झाकून माझ्या अक्षरात पुन्हा लिहिलं. शुद्धलेखन सुधारलं. वही पातळ आणि सुबक झाली. रबराची गरज उरली नाही. तू यायच्या आत मी ती टपालात टाकली आणि तुला म्हणाले, तारीख हुकली असती.

दीड महिन्यानं वही परत आली. पत्रात लिहिलं होतं की काम दोन वेगळ्या हातांचं दिसतं, म्हणून विचार करता येत नाही.

तू स्वयंपाकघरात उभी राहून वही चाळलीस. म्हणालीस, "पानं कमी आहेत." मी भांडी घासत होते. मी म्हणाले, "त्यांनी काढली असतील." तू म्हणालीस, "आणि हे अक्षर?" मी म्हणाले, "पुसट झालं होतं तेवढं मी गिरवलं." बाबांनी त्या संध्याकाळी मला विचारलं, "मार्लिस, तू काही केलंस का?" मी त्यांनाही तेच सांगितलं. ते ह्या समजुतीवरच गेले. किंवा गेले नसतील, पण पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या दिवसानंतर तू हातात ब्रश घेतला नाहीस. मी लोकांना सांगत आले की तुला त्याचा कंटाळा आला.

तुझा राग फळ्याचा आहे असं मी चार वर्षं धरून चालले होते. तू फळ्यापुढं उभी होतीस तेव्हा तुला काय कळलं ते मला मागच्या आठवड्यात कळलं. फळा बघेपर्यंत तुला नुसती शंका होती. त्या दिवशी तू माझं काम ओळखलंस.

माझा हेतू चांगला होता असं मी इथं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. पानावर दिसतंयच.

आई

१ मे

कर्स्टन,

तुझं कार्ड शनिवारी आलं. दोन ओळी. मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आहे, आणि ह्या चार दिवसांत उत्तर लिहायला बसले की दुसरंच काम काढते. काल मासे छापले.

तेच आधी सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे. मी पुन्हा वर्गाला जाते. नदीच्या मुखाशी स्मेल्ट मासे आले. टॉइवो जाळं टाकून बादलीभर घेऊन थेट वर्गात आला. माशाला शाई लावायची, वर कागद दाबायचा, की खवल्यांसकट मासा उमटतो. बोटभर लांबीचे निसरडे मासे. माझा पहिला मासा हातातून सुटून जोलीनच्या कॉफीत पडला. दुसरा उमटला, पण शेपटीशिवाय. तिसऱ्याच्या वेळी टॉइवो म्हणाला, "बाई, त्याला इतकं सरळ झोपवू नका, मेलाय बिचारा, पण अगदीच कवायत नको." मी एवढी हसले की कोपर लागून शाईची वाटी कलंडली, आणि वहीच्या चार पानांत काळं पाणी गेलं. त्यावर मी आणखी मासे छापले. सगळीकडे, उलटे, एकमेकांवर. वही आता परसात वाळत घातली आहे. घरात तिचा वास सहन होत नाही. घरची ती सुबक वही मात्र मी कुणालाच दाखवली नाही. टाकलीही नाही.

ह्यानं मी बदलले असं समजू नकोस. आज सकाळी शेजारणीच्या दारावरची तिरकी पाटी सरळ करून आले आणि मग परत जाऊन तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, पाटी तिरकीच असते, खिळा तसा आहे. रोज असंच होतं. स्वतःचा वीट येतो.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंस, 'ती अकरा पानं कुठं आहेत?'

माझ्याकडे नाहीत. माळ्यावर पेटी नाही, बाबांनी कुठं लपवून ठेवलेली नाहीत. त्याच दिवशी मी ती रद्दीत घातली आणि सकाळी रद्दीची गाडी गेली. तू कार्ड टाकलंस तेव्हा तुला थोडी आशा असेल. ती नसावी म्हणून हे स्पष्ट लिहिते.

त्यांतली मला चार आठवतात. एकावर बसची गोठलेली काच होती. ओल्या रंगावर मीठ टाकून बर्फ केला होतास आणि नखानं खरवडून बाहेरचा दिवा दाखवला होतास. एकावर आजीच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं, माशाच्या खवल्यांसारखी. एक पान नुसतं लाल, मधे कोटाचं बटण. बाकीची सात आठवत नाहीत. तुला बरं वाटावं म्हणून मी सातही रचून सांगू शकले असते, आणि तुला कळलं नसतं. ते मी करत नाही.

चौथं पान माझं होतं. कचेरीत बाद झालेल्या नकाशांचे तुकडे जोडून तू टेबलाशी बसलेली एक बाई केली होतीस. केस म्हणजे नदीच्या रेषा. तोंडाच्या जागी सहा इंची पट्टी, खरी, लाकडी, अर्धी कापलेली. खाली लिहिलं होतं, 'आई माझ्याकडे बघते तेव्हा.'

इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं की ती अकराही पानं घाणेरडी होती म्हणून काढली. दहा असतील. ह्या पानावर एक डाग नव्हता. कडा जुळलेल्या, डिंक कुठं बाहेर आलेला नाही, अक्षर सरळ, एकही चूक नाही. मी ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलं. दुरुस्त करायला त्यात काही सापडेना, म्हणून सगळ्यांत आधी मी तेच कापलं.

आई